खाल्लेल्या पानांची बाग: देशी झाडं लावायला सुरुवात करताना

आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्याचा एका श्रावणात अक्षरशः खराटा झाला. सकाळी पोह्यांच्या फोडणीसाठी हात घातला तर हाताला नुसते देठ. वाकून पाहिलं तर उरलेल्या एका पानावर चिमणी शिटल्यासारखा काळा-पांढरा ठिपका, आणि खालच्या फांदीवर करंगळीएवढी गुबगुबीत हिरवी अळी. काडीनं जरा डिवचली तर तिनं डोक्यामागून लालसर दुशिंगी बाहेर काढली आणि उग्र, आंबूस वास सोडला. तो ठिपका म्हणजे तिचंच धाकटं भावंड. लहानपणी या अळ्या पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग घेऊन बसतात, मोठ्या झाल्या की पानाचा रंग घेतात. शेजारच्या काकू कठड्यावरून डोकावून म्हणाल्या, "अगं, कीड लागलीय, औषध मार." आदल्या वर्षी मी तेच केलं होतं. या खेपेला पोहे कढीपत्त्याशिवाय केले. काही आठवड्यांनी कॉमन मॉरमॉन जातीची काळी फुलपाखरं त्याच कुंडीवरून उडाली, आणि दसऱ्यापर्यंत कढीपत्ता पुन्हा पानांनी भरला.

नव्यानं बाग करणारे विचारतात, "फुलपाखरांसाठी कुठली फुलं लावू?" हा प्रश्न अर्धाच आहे. मोठं झालेलं फुलपाखरू मधाच्या बाबतीत फार खोड्या काढत नाही, मिळेल त्या फुलावर बसतं. अळीचं तसं नसतं. ती ठरावीक झाडांचीच पानं खाते, आणि ती झाडं नसतील तर मादी तुमच्याकडे अंडी घालायला फिरकणारच नाही. झाडं आपल्या पानांत कडू, विषारी रसायनं भरून ठेवतात. ती पचवायची युक्ती त्या त्या अळीनं पिढ्यान्‌पिढ्या त्या झाडाच्या संगतीत राहून कमावलेली असते. रुईचा चीक आपल्याला घातक, पण प्लेन टायगर या फुलपाखराची अळी रुईवरच वाढते आणि ते विष अंगात साठवून ठेवते. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्या केशरी फुलपाखराच्या वाटेला जात नाही. परदेशातून पन्नास-शंभर वर्षांपूर्वी आलेल्या बहुतेक झाडांशी आपल्या किड्यांची अशी जुनी ओळख नसते. मग झाड हिरवंगार, पानं गुळगुळीत, एकही भोक नाही, आणि खाणारं कुणीच नाही.

पक्ष्यांचं गणितही याच पानांवर बसलेलं आहे. बुलबुल फळं खातो, शिंजीर मध पितो, चिमणी दाणे टिपते, पण पिल्लांना मात्र हे सगळे मुख्यतः मऊ अळ्या आणि किडे भरवतात. म्हणून फुलं कितीही लावा, पानं कुणी खात नसेल तर विणीच्या दिवसांत पक्ष्यांच्या दृष्टीनं तुमचं दुकान बंदच.

आधी महिनाभर काहीच लावू नका

उत्साहात पहिल्याच रविवारी नर्सरीत जाऊन डिकी भरून आणणं ही सगळ्यात सामान्य चूक. आधी वही घ्या. ऊन कुठे, किती वाजता येतं आणि किती वेळ थांबतं ते लिहा. पुण्या-मुंबईच्या इमारतींत उत्तरेकडच्या गॅलरीला हिवाळ्यात ऊन जवळपास नसतंच, आणि पश्चिमेची गॅलरी एप्रिलमध्ये तवा होते. अंगण असेल तर पावसाचं पाणी कुठे साचतं तेही बघा.

दुसरी नोंद, आत्ता तिथे काय काय उगवलंय याची. आम्ही ज्याला 'तण' म्हणून उपटतो त्यातलं निम्मं कामाचं असतं. कंपाउंडच्या भिंतीशी रुई, तारेवर चढलेली उतरण, पावसात वर आलेला टाकळा, कोपऱ्यातला एरंड. टाकळ्यावर कॉमन ग्रास यलो हे फुलपाखरू वाढतं, एरंडावर कॉमन कॅस्टर, उतरणीवर प्लेन टायगर. ही झाडं फुकट आलेली आहेत, न लावता जगलेली आहेत आणि तुमच्या मातीला ती मानवतात हे त्यांनी स्वतःच सिद्ध केलेलं आहे. माळीदादांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही ऑफिसला गेलात की संध्याकाळपर्यंत सगळं 'स्वच्छ' झालेलं असेल. (माझ्या रुईचं तेच झालं. दोनदा.)

देशी म्हणजे काय, आणि किती ताणायचं

आपल्या आसपासची बरीच 'आपली' झाडं पाहुणी आहेत. गुलमोहर आणि सदाफुली मादागास्करची, वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेचं, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. कवितेत गुलमोहर कितीही फुलला तरी तो बाहेरचाच.

यावरून लगेच कुऱ्हाड काढायची गरज नाही. मिरची आणि टोमॅटोही अमेरिकेतूनच आले. माझा नियम साधा आहे: जे पसरत नाही ते राहू दे, नवीन लावायचं ते देशी. पसरणाऱ्यांना मात्र थारा नको. घाणेरी म्हणजे टणटणी, रानमोडी, सुबाभूळ, बागेत 'ग्राउंड कव्हर' म्हणून विकलं जाणारं पिवळ्या फुलांचं वेडेलिया, आणि तो केशरी-पिवळा कॉसमॉस. पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळ्याच्या अखेरीला लोक ज्याच्यात उभं राहून फोटो काढतात, ते गालिचे या कॉसमॉसचे आहेत. त्याच्याखाली देशी गवतं आणि तेरडा गुदमरतात. गाजर गवताची नोंद आपल्याकडे १९५०च्या दशकात पुण्यात झाली आणि आज ते कुठे नाही ते सांगा. बाहेरून आलेलं एखादं झाड मोकाट सुटलं तर काय करू शकतं याचा अंदाज त्यावरून यावा.

"पण घाणेरीवर तर ढिगानं फुलपाखरं बसतात!" हो, बसतात. मध प्यायला बसतात. उसाच्या गाड्यावर गर्दी असते म्हणून तिथे कुणी राहत नाही.

आणखी एक बारकावा. 'भारतीय' आणि 'इथलं' यात फरक आहे. सुरंगी आणि कोकम कोकणात जोमानं येतील, सोलापुरात रडतील. तरवड सोलापूर-नगरच्या माळावर पाण्याविना फुलतो, रत्नागिरीच्या पावसात कुजतो. विदर्भात मोह, पळस, तेंदू. तुमच्या गावापासून पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत टेकडीवर, ओढ्याकाठी, देवराईत आपलं आपण वाढणारं जे दिसेल ती तुमची यादी. ती पाहायला एखाद्या रविवारी माहितगाराबरोबर फिरून या. दहा पुस्तकं वाचून जे कळत नाही ते तीन तासांत कळतं.

गॅलरी असेल तर: पाच कुंड्या

फ्लॅटमध्ये काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी हा भाग मुद्दाम आधी. बारा ते सोळा इंची पाच कुंड्या पुरतात, कढीपत्त्याची एक जास्तीची धरून सहा.

पहिली कढीपत्त्याची. एक नव्हे, दोन लावा: एक तुमच्यासाठी, एक अळ्यांसाठी. तुमच्या झाडावर अळी आली की ती अलगद, पानासकट, दुसऱ्या कढीपत्त्यावर हलवायची. फोडणीही होते आणि फुलपाखरूही. जोडीला लिंबाचं रोप असेल आणि जवळपास झाडी असेल तर ब्लू मॉरमॉनही येऊ शकतं. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं हे तळहाताएवढं काळं-निळं फुलपाखरू लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतं. ते आमच्या तिसऱ्या मजल्यावर एकदाच आलं, एक चक्कर मारून गेलं. त्या दिवशी मी दूध उतू घालवलं.

दुसरी तुळस. ती असतेच. फक्त मंजिऱ्या खुडायच्या थांबा. मंजिरी खुडली की तुळस दाट होते हे खरं, पण निम्म्या फांद्यांवर तरी त्या राहू द्या. सकाळी नऊच्या सुमारास छोट्या फुलोरी माश्या मंजिरीच्या खालच्या फुलापासून वरपर्यंत क्रमानं जातात, एकही फूल चुकवत नाहीत. पायऱ्या चढल्यासारख्या.

तिसरी हळद. अक्षय्य तृतीयेच्या आसपास कोंब आलेलं हळकुंड लावा. पावसात मोठी पानं आली की एखादं पान कडेनं गुंडाळून रेशमानं टाचलेलं दिसेल. आत ग्रास डेमन नावाच्या फुलपाखराची अळी घर करून असते. पातोळ्यांना पानं लागतील तेव्हा गुंडाळलेलं तेवढं सोडून बाकीची घ्या.

चौथी कोरांटी, पिवळ्या फुलांची काटेरी. काडीपासून सहज येते, ऊन सोसते, आणि थंडीत जेव्हा बाकी सगळं मरगळतं तेव्हा फुलते. पॅन्सी गटातल्या फुलपाखरांच्या अळ्या हिची पानं खातात.

पाचवी कुंडी मातीनं भरून तशीच ठेवा. पाणी घाला आणि काय उगवतं ते बघा. हा विनोद नाही. वाऱ्यानं आणि पक्ष्यांनी आणलेलं बी तुमच्या परिसराची खबर देतं. आमच्या त्या कुंडीत आतापर्यंत आघाडा, माका, दुर्वा आणि एकदा चक्क पिंपळ आला. पिंपळ मात्र लहान असतानाच काढून मोकळ्या जागेत लावा. भिंतीत शिरला तर मग त्याच्याशी भांडण मोठं.

पानफुटीबद्दल हमखास विचारणा होते. ती मूळची मादागास्करची. तरी रेड पिअरो हे सुंदर चिमुकलं फुलपाखरू तिच्यावर मजेत वाढतं. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरून गर खाते, बाहेरून पान फिकट पिशवीसारखं दिसतं. कुंडीत ठेवायला हरकत नाही, टेकडीवर नेऊन फेकू नका.

जमीन असेल तर

अंगण, सोसायटीची मागची पट्टी, शेताचा बांध, काहीही. इथे एक गोष्ट पक्की धरा: झाडं तीन उंचींवर लावायची. खाली गवत-झुडपं, मध्ये झुडूपवजा झाडं, वर एखादा वृक्ष. शिंपी आणि दयाळ या पक्ष्यांना कमरेएवढं दाट झुडूप लागतं. कितीही मोठा वृक्ष त्याची जागा घेत नाही. आपल्या सोसायट्यांत नेमका हा मधला मजलाच नसतो: वर अशोकाची रांग, खाली कापलेली लॉन.

मधल्या मजल्यासाठी निरगुडी, अडुळसा, धायटी, मुरुडशेंग, तरवड, करवंद. धायटीला उन्हाळ्याच्या तोंडाला लाल नळीसारखी फुलं येतात आणि शिंजीर तिला सोडत नाही. मुरुडशेंगेवरही तोच. तरवडावर पिवळी-पांढरी एमिग्रंट फुलपाखरं अंडी घालतात. करवंदाचं कुंपण गुरं अडवतं, बुलबुलाला घरट्याला काटेरी आडोसा देतं आणि मे महिन्यात तुमच्या मुलांना मेवा.

वेलींकडे लोक दुर्लक्ष करतात. खरी श्रीमंती तिथे आहे. कुंपणाच्या जाळीवर ईश्वरी म्हणजे सापसंद चढवा. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ ही लाल अंगाची फुलपाखरं तिच्यावरच वाढतात आणि तिच्या विषामुळे पक्ष्यांना नकोशी होतात. गंमत अशी की गोष्टीच्या सुरुवातीला आलेल्या कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या हुबेहूब या रोझ फुलपाखरांसारख्या दिसतात. स्वतः कढीपत्त्यावर वाढलेल्या, बिनविषारी, पण रुबाब विषाचा. दोन्ही वेली-झाडं शेजारी असली की हा बनाव आपल्याच अंगणात बघायला मिळतो. ईश्वरी मूत्रपिंडाला घातक आहे, तेव्हा घरगुती काढ्यात ती कुणी सांगितली तरी घालू नका. हरणदोडीवर ब्लू टायगर येतं. वाघाटी काटेरी आहे, हळू वाढते, पण आषाढी द्वादशीच्या भाजीला तिची फळं बाजारात शोधत फिरण्यापेक्षा बांधावर एक वेल असावी. तिच्यावर आणि वायवर्णाच्या झाडावर ग्रेट ऑरेंज टिप वाढतं.

वरच्या मजल्याला एकच झाड लावायची जागा असेल तर? मी बहावा म्हणेन. आकारानं आटोपशीर, मुळं भिंतीला त्रास देत नाहीत, एप्रिल-मेमध्ये भुंग्यांची रांग लागते आणि कोवळ्या पानांवर कॉमन एमिग्रंटच्या अळ्या. जागा मोठी असेल तर पांगारा, पळस, काटेसावर यातलं एक तरी हवंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाकी रान वाळत असताना हीच झाडं फुलांची खानावळ उघडतात. साळुंक्या, कोतवाल, हळद्या आणि परतीच्या वाटेवरच्या भोरड्या तिथे भांडताना दिसतील. वड-उंबर लावायचे तर इमारत, पाण्याची टाकी, ड्रेनेज यांपासून चांगले लांब. पण जागा असेल तर उंबरासारखं झाड नाही. आपला राज्यपक्षी हरियाल पिकलेल्या उंबरावर येतो आणि पानांत असा मिसळतो की आधी फळं पडल्याचा आवाज येतो, मग पक्षी दिसतो.

आंब्यावर किंवा चिकूवर बांडगूळ आलं असेल तर सगळं छाटू नका. झाडाला जड होईल इतकं काढा, एखादा झुपका ठेवा. हळदीकुंकू हे फुलपाखरू बांडगुळावर वाढतं, आणि बांडगुळाची चिकट फळं खाऊन फुलटोच्या पक्षी जगतो.

रोपं आणायची कुठून

नर्सरीत नुसतं नाव सांगून जाऊ नका. 'अशोक' मागितलात तर सरळसोट उंच वाढणारा खोटा अशोक मिळतो. तुम्हाला हवा असेल सीतेचा अशोक, तर 'सराका असोका' असं शास्त्रीय नाव मोबाइलवर लिहून दाखवा. 'आपटा' म्हणून कांचन गळ्यात मारतात. आपट्याचं पान लहान, जाड, रुंदीला जास्त असतं. 'बसंत रानी' असं गोड नाव लावलेलं गुलाबी फुलांचं झाड अमेरिकेतलं टॅबेबुया असतं. आणि रोपावर कीटकनाशक मारलंय का हे विचारा. चकचकीत, डागविरहित पानांचं रोप म्हणजे बऱ्याचदा औषधात न्हालेलं रोप. त्यावर पहिल्या पंधरवड्यात अंडी घातली गेली तर अळ्या मरतात.

सामाजिक वनीकरण आणि वन विभागाच्या रोपवाटिकांत पावसाळ्याच्या तोंडावर देशी रोपं स्वस्तात मिळतात. फक्त तिथली यादीही डोळसपणे बघा, गिरिपुष्प तिथेही असतं.

सगळ्यात उत्तम म्हणजे बी. मार्च ते मे हा बिया गोळा करायचा हंगाम. रस्त्याकडेच्या बहाव्याखाली काळ्या लांब शेंगा पडलेल्या असतात. फोडल्या की चिकट काळा गर आणि चकत्यांमध्ये एकेक बी. बी धुवा, एका कडेला फरशीवर खरखरीत घासा, रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा. पळसाचं बी ताजं असताना थेट जागेवर पेरावं. त्याचं मूळ लवकर खोल जातं आणि पिशवीतून हलवलेलं त्याला आवडत नाही. निरगुडी, अडुळसा, पांगारा, गुळवेल काडीनं येतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला वीतभर काडी तिरकी खोचली की काम झालं.

जंगलातून, गडावरून, कासच्या पठारावरून रोपं उपटून आणू नका. अभयारण्यातून तर एक फांदीही उचलणं गुन्हा आहे. वर ती रोपं गॅलरीत जगतही नाहीत.

अळ्यांची झाडं एकत्र बघायची असतील तर ठाण्यात घोडबंदर रस्त्याकडची ओवळेकर वाडी बघून या. मुंबईत मिठी नदीकाठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघा. ते एके काळच्या कचराभूमीवर उभं आहे. ते पाहिल्यावर "आमची माती चांगली नाही" म्हणायची सोय राहत नाही.

लावणी आणि पहिले दोन उन्हाळे

पहिल्या पावसाला लावू नका. दोन-तीन चांगले पाऊस पडून जमीन आतपर्यंत ओली झाली की लावा. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, मेमध्येच खणून उन्हात तापू द्या. भरताना त्याच जागेची माती आणि घमेलंभर कुजलेलं शेणखत, बस्स. देशी झुडपांना फार खुराक दिला की ती लुसलुशीत माजतात, फुलत नाहीत. कुंडीत दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, थोडी वाळू. नुसत्या कोकोपीटमध्ये झाड चार महिने छान दिसतं, मग बसतं. पिशवी फाडून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, मूळ तळाशी गोल वळलेलं असेल तर तेवढं कापा.

"देशी झाडांना पाणी लागत नाही" ही अफवा आहे. मूळ धरेपर्यंत लागतं. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीनदा भरपूर, दुसऱ्यात एकदा. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा बादलीभर बरं, मुळं खाली जातात. बुंध्याभोवती वीतभर पाचोळा, पण बुंध्याला चिकटवून नाही. लोखंडी ट्रीगार्ड लावलात तर झाड जाड झाल्यावर काढायची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा. पुण्यात किती झाडांनी आपला पिंजरा गिळलाय ते चालताना मोजून बघा.

पाणी, पाचोळा, वाळकी फांदी

मातीची पसरट थाळी, दोन इंचांहून कमी खोल, मध्ये एक खडबडीत दगड. पाणी रोज बदला, थाळी घासा. डेंग्यूचा डास आठवड्याभरात तयार होतो. थाळीतून सांडलेल्या पाण्यानं जवळची माती ओली राहिली तर उत्तमच. ओल्या मातीतले क्षार चोखायला नर फुलपाखरं तिथे घोळक्यानं बसतात.

पाचोळा जाळू नका, एवढं सांगून मी थांबते, कारण या विषयावर माझा रक्तदाब वाढतो. एका कोपऱ्यात ढीग करा. त्यात गोम, बेडूक, गांडूळ, आणि ते उकरायला दयाळ येईल.

वाळलेली फांदी कुणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर राहू द्या. तांबट पक्षी पांगारा-शेवग्याच्या मऊ, वाळक्या लाकडात बोगदा कोरून घरटं करतो. जाड काळा भुंगाही तिथेच, किंवा बांबूच्या पोकळ कांडीत. बांबूचे वीतभर तुकडे एका बाजूनं बंद ठेवून गठ्ठा बांधून टांगा, एकट्या राहणाऱ्या माश्या त्यात घर करतात.

फवारणीचा मोह

खाल्लेलं पान वाचायला शिका, मग हात आपोआप आखडतो. गुलाबाच्या किंवा कांचनाच्या पानाच्या कडेला नाण्यानं कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले तर ती पानकापी माशी. ती पान खात नाही, तुकडे नेऊन घरट्याला अस्तर लावते. पानावर वळणावळणाची पांढरी रेघ असेल तर आत एखादी सूक्ष्म अळी बोगदा करत गेलीय. पान गुंडाळलं असेल तर आतल्याला त्रास देऊ नका. दोन-तीन पानं कडांनी एकत्र शिवलेली आणि टाक्यांतून कापसाचे पुंजके बाहेर आलेले दिसले तर हात मागे घ्या, ते शिंप्याचं घरटं आहे.

रुईवर पिवळा मावा येतोच. दहा दिवस थांबा, लेडीबर्ड किडे येऊन साफ करतात. पिठ्या ढेकूण झाले तर पाण्याचा जोरदार फवारा, किंवा जुन्या टूथब्रशनं घासून काढा. आणि कडुनिंबाचं तेल 'सेंद्रिय' आहे म्हणून सरसकट मारू नका. ते अळ्यांची वाढच थांबवतं. भाजीच्या वाफ्यात वापरायचं तर तेवढ्यापुरतं, अळ्यांच्या झाडांपासून लांब.

रुई, कण्हेर हाताळल्यावर हात धुवा. चीक डोळ्यात गेला तर धुऊन लगेच डॉक्टरांकडे. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर कण्हेर लावूच नका.

सोसायटीतली माणसं

झाडं जगवणं सोपं, मीटिंग जिंकणं अवघड. "साप येतील", "घाण दिसतं", "डास होतात." उत्तर भांडून देऊ नका. मागच्या बाजूची दहा बाय दहा फुटांची पट्टी मागा. पुढची कड विटांनी सरळ आखून घ्या, म्हणजे आत रान असलं तरी ते मुद्दाम केलेलं वाटतं. पाटी लावा: 'फुलपाखरांची जागा, कृपया छाटू नये.' पाटीनं जे होतं ते विनंतीनं होत नाही.

तक्रार खरी असेल तर मान्य करा. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे झुपके बसतात, अंगाला लागले तर खाज सुटते. म्हणून शेवगा दाराशी किंवा मुलांच्या घसरगुंडीजवळ नको. आग्या मोहोळ जिन्याच्या तोंडाशी असेल तर जाणकाराला बोलवा, धूर आणि पेट्रोल घेऊन स्वतः चढू नका. आणि आधीची विदेशी झाडं पाडून देशी लावायचा बेत असेल तर थांबा: शहरात झाड तोडायला १९७५च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि जुन्या वर्षावृक्षावर आज घारीचं घरटं असू शकतं. ते आपलं आयुष्य जगून जाईल, तोवर त्याच्या सावलीबाहेर बहावा वाढू द्या.

किती दिवस वाट बघायची

कुंडीतल्या कढीपत्त्यावर पहिल्या पावसाळ्यातच पाहुणे येतात. झुडपं दुसऱ्या वर्षी रंग दाखवतात. माझ्या ओळखीतल्या एकांच्या बांधावरच्या वाघाटीवर तीन वर्षं एक पान कुरतडलं गेलं नाही, चौथ्या वर्षी अळ्याच अळ्या. आलेल्याचा फोटो काढून ठेवा. 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' या संकेतस्थळावर कोण कुठल्या झाडावर वाढतं ते सापडतं. 'आयनॅचरलिस्ट'वर टाकलंत तर ओळखही पटते आणि नोंदही राहते.

अळी अचानक झाडावरून दिसेनाशी झाली तर लगेच पक्ष्यानं नेली असं समजू नका, जरी बऱ्याचदा ते खरं असलं तरी. कोष करायला ती झाड सोडून दूर चालत जाते. कुंडीच्या कडेखाली, ग्रिलच्या मागे, गॅसच्या पाइपवर, एकदा तर आमच्या वायपरच्या दांड्यावर. दांडा आम्ही दोन आठवडे वापरला नाही. कोष हलवू नका, पाणी मारू नका. तो काळपट होऊन आतल्या पंखांचा रंग कवचातून दिसायला लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन तिथे बसा. बाहेर आल्यावर पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले असतात, ते सुकायला तासभर तरी जातो. तेवढा वेळ पंखा बंद ठेवा आणि गॅलरीचं दार लोटून घ्या, मांजर बाहेरच असेल.